शेडला अर्थ नाही

ती. मेहुणेबुवा,

तुम्हाला कोपरापासून नमस्कार. (गैरसमज नको. कोपराच्या पुढे अजून मुंग्या आहेत.) आपली प्रकृती ठणठणीत असेलच. तुमच्या घरचं वायरिंग तुम्ही केलेलं नाही, असं कळतं.

मागच्या भेटीत आमच्या बागेतल्या शेडमध्ये तुम्ही हौसेनं दिवा आणि पाण्याची मोटर जोडून दिलीत. निघताना पिशवी उचलता उचलता म्हणालात, "शेडला अर्थ नाही, लक्षात ठेवा." मी लक्षात ठेवलं. चांगलं मनात धरून ठेवलं. शेड मी स्वतःच्या हातांनी उभी केली आहे (दार लागत नाही, पण तो दाराचा दोष), आणि बायकोचा भाऊ तिला निरर्थक म्हणतो, तेही पोटभर जेवून.

तेव्हापासून शेड मला चावते. मोटरीला हात लावला की झटका. मोटरीला टेकवलेल्या फावड्याला लावला तरी झटका. तुमच्या बहिणीला मात्र काही होत नाही. ती सकाळभर तिथे कुंड्या भरते, मोटर चालू करते, वर गुणगुणते. वीज काय माणूस बघून चावते? मला संशय आला. खिडकीतून पाळत ठेवली, तर तिच्या पायात रबरी चपला. मला शेडमध्ये अनवाणी जायचा हुकूम आहे (मी चपलांनी चिखल घरात आणतो, असं कारण दिलेलं आहे). ओली जमीन, अनवाणी नवरा, भावानं जोडलेली मोटर. जुळवलं तर सगळं जुळतं.

काल सरळच विचारलं. इतके दिवस गिळलेलं तुमचं वाक्यही ऐकवलं. ती उपड्या कुंडीवर बसून हसत सुटली. मग एकदम थांबली, उठली आणि घरात जाऊन शेडचा मेन स्विच बंद करून आली.

"अहो, अर्थ म्हणजे अर्थिंग," ती म्हणाली. "जमिनीत जाणारी हिरवी वायर. ती जोडायची राहिली, असं दादा सांगत होता. आणि तुम्ही फुगून बसलात. मेला असतात की."

तिचा आवाज कापत होता. (बेत फसल्याचं दुःख असू शकतं.)

बाकी क्षेम. घरातल्या थोरांना नमस्कार. लहानांना तुमच्या हत्यारांच्या पेटीपासून लांब ठेवा.

आपल्या बहिणीचे, अद्याप हयात,
यजमान

ता. क. मोटर बंद, त्यामुळे झाडांना पाणी मी बादलीनं घालतो आहे. हिरवी वायर घेऊन लवकर या. जोडायला वायरमन सांगितला आहे. तुम्ही पाहुण्यासारखे बसा, कशालाही हात लावू नका.

आणखी ता. क. आत्ता शेडच्या दाराशी नव्या रबरी चपलांचा जोड दिसला. पुरुषी. मी घालून पाहिल्या. माझं माप मलाच धड आठवत नाही. या अगदी बरोबर बसल्या. तिनं माझे पाय कधी मोजले, ते तुम्ही आलात की तिला बाजूला घेऊन काढून घ्या. माझं नाव सांगू नका.