ह्यांचा त्याग

५ जुलै, शनिवार

जेवताना हे म्हणाले, "पुलुसू सुरेख. मीठ कमी. पण तुझा वाढण्यातला उत्साह वाखाणण्यासारखा आहे." मी त्या चिंचेच्या कालवणाची पळी हातात धरून तशीच उभी! लग्नाला एकोणीस वर्षं झाली. आजवर मीठ कमी पडलं की नुसतं ताट सरकायचं.

मग उलगडा झाला. ह्यांच्या बियाण्यांच्या कंपनीनं ह्यांना कोर्सला घातलंय — नेतृत्व, संवाद आणि भाषणकला. महिनाभर शनिवार-रविवार, विजयवाड्याच्या हॉटेलात. हैदराबादहून कोणी प्रणीत सर येतात, गालाला माइक चिकटवून. टीका करायची ती दोन स्तुतींच्या मध्ये घालून, हा पहिला धडा. शेवटच्या दिवशी सगळ्यांची भाषणं. ज्याचं साहेबांना भिडेल तो झोनल मॅनेजर.

६ जुलै

हे आरशासमोर दोन्ही हात पसरून उभे. अत्तम्मा, माझ्या सासूबाई, पलंगावरून म्हणाल्या, "काय वाळत घालायचंय रे?"

९ जुलै, बुधवार

करुणम्मांचा फोन. माझ्या जुन्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस. गणिताचे सर मुलाकडे परदेशी निघालेत. "तू सोडून गेलीस तेव्हापासून चांगलं माणूस मिळालं नाही बघ. एक तारखेपासून ये. पण महिनाअखेरच्या आत सांग, नाहीतर मला दुसरं कोणी बघावं लागेल."

अत्तम्मांचं एक अंग लुळं पडलं तेव्हा मी नोकरी सोडली. कोणी सोड म्हटलं नव्हतं. कोणी सोडू नकोस असंही म्हटलं नाही. आता त्या काठी धरून चार पावलं टाकतात. सकाळचं तेवढं कोणीतरी करायला हवं — भरवणं, हातपाय हलवून घेणं.

मला जायचंय. फार जायचंय.

१३ जुलै, रविवार

ह्यांना आज 'ऐकणं' शिकवलं. म्हटलं, सोन्यासारखा मुहूर्त, विषय काढू.

"करुणम्मांनी मला परत बोलावलंय."

हे पुढे झुकले, थेट डोळ्यांत पाहिलं. "म्हणजे तुला असं वाटतंय, की करुणम्मांनी तुला परत बोलावलंय."

"वाटत नाही, बोलावलंच आहे. मग जाऊ ना?"

"तुला जावंसं वाटतंय. मी तुझं ऐकलं." आणि कुशीवर वळून घोरायला लागले. पालथ्या घड्यावर पाणी — फरक इतकाच, की आता घडा मान डोलावतो.

१९ जुलै, शनिवार

भाषणात स्वतःच्या त्यागाची गोष्ट हवी म्हणे. डोळ्यांत पाणी आणणारी. हे सबंध संध्याकाळ आठवत बसले.

"माझ्या आयुष्यात त्याग कुठला गं?"

"कोलेस्टेरॉल वाढलं तेव्हा आवकायचं लोणचं सोडलं होतंत ना!"

"तीनच दिवस," अत्तम्मा आतून म्हणाल्या.

२२ जुलै, मंगळवार

सरळ विचारलं. उत्तरही सरळ मिळालं, स्तुती ना मागे ना पुढे: "आईचं सकाळचं कोण करणार? आणि माझं प्रमोशन तोंडावर आलेलं असताना हे काय मध्येच?"

करुणम्मांना अजून नाही म्हटलेलं नाही. जीभ वळत नाही.

२७ जुलै, रविवार

शेवटचा दिवस. घरच्यांना पुढच्या रांगेत बसवायचं, ही तिथली रीत. अत्तम्मांना चाकाच्या खुर्चीतून नेलं. मी कांजीवरम नेसले होते.

ह्यांनी हात पसरले. म्हणाले, "आईला झटका आला तेव्हा मला हैदराबादची बढती मिळत होती. मी ती नाकारली. माझी पत्नी गणिताची शिक्षिका. ती म्हणाली, मी नोकरी सोडते. मी म्हणालो, नाही! तू शिकव. आईला मी भरवीन." मग थांबले, शिकवल्याप्रमाणे. "आजही रोज सकाळी माझ्या हातचा घास खाल्ल्याशिवाय आई…"

पुढचं बोलवेना. तेही शिकवलेलंच असणार.

आयत्या बिळावर नागोबा! माझी सगळी वर्षं उचलली आणि अंगावर पांघरून घेतली. मला रडू फुटलं, रागानं. लोकांना वाटलं, अभिमानानं. साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. प्रणीत सरांनी मला वर बोलावून गुलाब दिला. "मॅडम, कसं वाटलं? एकाच शब्दात!"

"नवीन," मी म्हटलं. पुन्हा टाळ्या.

अत्तम्माही पदरानं डोळे पुसत होत्या. घरी आल्यावर विचारलं, "तुम्ही कशाला रडलात?"

"तो सांगत होता तसा मुलगा मला असता तर, म्हणून रडले."

२८ जुलै

"ती माझी गोष्ट होती," मी म्हटलं.

हे बिलकूल ओशाळले नाहीत. "तपशील गौण असतात, भावना खरी लागते, असं सर सांगतात. आणि भावना माझीच होती."

३० जुलै, बुधवार

हे झोनल मॅनेजर झाले. साहेबांच्या पत्नीचा अभिनंदनाचा फोन मला आला. "किती भाग्यवान हो तुम्ही! कुठल्या शाळेत शिकवता? आमच्या नातीला गणिताची फार धास्ती आहे."

हे समोर हात जोडून उभे. चेहरा पांढरा फटक. मी शाळेचं नाव सांगितलं, शांतपणे. ह्यांनी मोठा श्वास सोडला. बिचारे! सुटलो असं वाटलं त्यांना.

फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला. करुणम्मांना.

१ ऑगस्ट, शुक्रवार

शाळेत रुजू झाले. परवानगी विचारली नाही. ती ह्यांनी सगळ्या कंपनीसमोर माइकवरून दिलेली आहे. निघाले तेव्हा हे टाय लावून आईच्या पलंगाशी बसले होते, हातात इडलीची वाटी. अत्तम्मा म्हणत होत्या, "घास लहान कर रे. आणि जरा लवकर शीक, उद्याही तुलाच भरवायचंय."