त्यांना कुठं नेतायत?

प्रिय दादा,

तुला जाऊन अजून वर्ष व्हायचंय आणि मी पत्र लिहायला बसले, तेही भांडायलाच. काल संध्याकाळी गणपतीच्या आरतीनंतर मंडळाच्या पडद्यावर तू दरवर्षी लावायचास तोच सिनेमा लावला, जर्मनीतल्या ज्यूंच्या छावणीचा. पडद्याशेजारी उभं राहून मराठीत सांगायची आपली रीत. तू नाहीस म्हणून मला उभं केलं.

तू काय सांगायचास, आठवतंय? म्हातारे, पोरंबाळं रांगेनं आत जायला लागली की आपल्या अंजूर गावच्या बायका विचारायच्या, "कुठं नेतायत रं त्यांना?" आणि तू म्हणायचास, "आंघोळीला. येतील आता बाहेर." मग सीडी थांबवून चहा. मी चिडले की म्हणायचास, "अगं, बायका घरी जाऊन जेवणार न्हायत." अरे, पण मारणाऱ्यांनीही त्यांना हेच सांगितलं होतं ना! तुझं मन मऊ म्हणून ते वाक्य वेगळं होतं का?

काल मी खरं सांगितलं. ही आंघोळ नाही, आत विषारी वायू आहे, यातलं कुणी बाहेर येणार नाही.

मला वाटलं, लोक रडतील. तुझ्या वेळी तर नुसती ती रांग बघून रडायचे. काल तात्या बोलले. आपले तात्या, ज्यांनी तुझं आजारपण घरच्यासारखं काढलं. "यवढ्या मानसांना उगाच कोन मारील? कायतरी केलं आसंल त्यांनी." मग मागं उभ्या असलेल्या लूमवाल्यांकडे, यंत्रमागावरच्या मुसलमान कामगारांकडे, मान वळवून म्हणाले, "आपल्याकडं पन हायत की असे."

कितीतरी माना डोलल्या, दादा. खोटं ऐकून हळहळणारी हीच माणसं. मग खरं सांगून मी काय मिळवलं? तू हे आधीच ओळखून होतास का? मला का नाही बोललास? फार राग आलाय तुझा, आणि विचारायला तू नाहीस.

लूमवाले शिफ्ट सुटली की येऊन मागं उभे राहतात, तुला ठाऊक आहे. काल ते अर्ध्यातून निघून गेले. त्यांच्यातले म्हातारे चाचा तेवढे माझ्यापाशी आले. म्हणाले, "बेटी, अगले साल ये मत लगाना."

सिनेमा पुन्हा लावायचा की नाही, ते आता चाचांना विचारूनच ठरवीन. लावला तर खरंच सांगेन, आणि तात्यांना तिथंच, सगळ्यांसमोर अडवीन. हे वचन देते. आज आधी चाचांच्या चाळीत जाते. काय बोलायचं ते सुचलेलं नाही. दार उघडतील की नाही, तेही माहीत नाही.

तुझी,
शोभा