अंगठा हलत होता

१३ एप्रिल २००३, रविवार

आज भिमाजीतात्यांच्या कंबरेत लाथ घातली. हळूच, तीनदा. उसण भरली होती म्हणून सकाळी सकाळी आमच्या ओट्यावर येऊन पालथे पडले. मग उठले, दोन पावलं चालून बघितलं आणि म्हणाले, "गेली राव! पोरीच्या पायात लई गुण हाय." गुण कसला! एवढा जाड माणूस गार फरशीवर पाच मिनिटं गप पडला की कंबर आपोआप मोकळी होते.

जाताना नारळ ठेवून गेले. आजीनं त्यांना परत सगळी कथा ऐकवली. मी पायाळू — जन्मले तेव्हा आधी पाय आले, डोकं मागून. "म्या डोळ्यानं बघितलं. आधी डावा पाय आला. अंगठा हलत व्हता!" हे सांगताना ती स्वतःच्या पायाचा अंगठा हलवून दाखवते. शंभरदा ऐकलंय. तरी तात्या तोंड उघडं टाकून ऐकत होते. आमच्या आजीच्या, साळुबाईच्या तोंडची गोष्ट, खोटी कोण म्हणेल? हरिपाठात एक शब्द चुकला तरी ती परत पहिल्यापासून सुरू करते.

१६ एप्रिल, बुधवार

दहावीचा निकाल जूनमध्ये. तोवर मला उद्योग नाही, म्हणून जानकूकाका मला एम-एटीवर मागं बसवून रानोरान फिरवतो. पायाळूला जमिनीतलं पाणी कळतं असं आमचं सगळं पठार मानतं. पेठेपासून कळंबपर्यंत कुणाला बोअर घ्यायचा असला की काकाकडे निरोप येतो — पोरीला घेऊन या.

कुणाला सांगितलेलं नाही, इथंच लिहिते. मला काहीही कळत नाही! खाली पाणी असलं की पायाळूच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहतो म्हणे; माझ्या हातावरचा आजवर एकदाही आपोआप उभा राहिला नाही. तळहाताचा खळगा हळूच आवळला की तो उठतो. पहिल्यांदा केलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. तीन तास उन्हात फिरून काकाचं तोंड एवढंसं झालं होतं, मला बघवेना.

पाणी मी डोळ्यांनी शोधते. एप्रिलमध्येही हिरवागार राहिलेला उंबर, वारूळ, आजूबाजूच्या विहिरी कुठल्या रेषेत आहेत ते. दहातले सात लागतात. उरलेल्या तिघांना काका सांगतो, "चपला घालून आला असाल."

आणि माझा एक नियम आहे. मोठ्या थापेला एक बारीकशी, बिनकामाची, पण खरी गोष्ट जोडायची. आज मालकाला म्हणाले, "इथं पाणी आहे. आणि तांबडे मुंगळे पण आहेत, जपून." त्यानं वाकून मुंगळे बघितले आणि पाण्यावर विश्वास ठेवला!

२१ एप्रिल, सोमवार

कल्याणीच्या आईची कंबर धरली. पारूमावशी पालथ्या पडता पडता म्हणाल्या, "माझा असल्यावर इस्वास न्हाई हां. पर तू नुसता पाय दे." दिला. कल्याणी दाराला टेकून हसत होती.

नंतर तिला नारळाचं खरं सांगून टाकलं. वर्गात माझ्या शेजारी दहा वर्षं बसलेली आहे, तिच्यापासून काय लपवायचं. तिनं लगेच मागितला, आवळून बघितला, चार वेळा पाडला. "अवघड आहे गं," म्हणाली. मला उगाच अभिमान वाटला.

२ मे, शुक्रवार

आज वाईट झालं. माझ्या हातानं झालं.

काकीला आठवा महिना सरत आलाय. आधीच्या दोन मुली, आरोही आणि छकुली. काका जेवता जेवता सगळ्यांसमोर बोलला, "औंदा बी पोरगीच झाली तर माहेरीच ऱ्हा. माझं मी बघीन." चटणी मागावी तसं बोलला! काकी भाकरी थापत होती, ती थांबली नाही. फक्त ती भाकरी एका कडेनं जाड झाली.

मग कळलं, त्यानं दवाखान्यात विचारून बघितलं होतं. तिथं पाटी लावलीय, सांगणार नाही, कायदा आहे. मशीनला कायदा आहे. मला नाही. "तेजू, नारळ आण," काका म्हणाला.

मी आजीकडे बघितलं. ती मिसरी लावत बसली होती. "सांग बाई," म्हणाली, "तुला दिसंल ते सांग."

काकी माझ्याकडे बघत नव्हती. परातीकडे बघत होती. मी तिच्या पोटासमोर नारळ धरला. माझा हात इतका कापत होता की शेंडी थरथरायला लागली. खळगा आवळला. नारळ उठला.

"मुलगा."

आणि सवयीनं पुढे जोडलं, "डाव्या कुशीला झोपतोय." तिकडे जड लागतंय हे काकीनंच सकाळी मला सांगितलं होतं.

५ मे, सोमवार

काका टँकरच्या पाण्याचे हंडे स्वतः आणतो आता! काकीसाठी मंचरहून मोसंबी आणली. छकुलीला खांद्यावर घेऊन फिरतो. आजी नुसती बघते.

थाप मारून एवढं चांगलं होत असेल तर खरं बोलायचं कशाला?

९ मे, शुक्रवार

कल्याणी म्हणाली, "आणि मुलगी झाली तर?"

मी म्हणाले, आत्ता खरं सांगितलं तर काकी आजच माहेरी जाईल. ती म्हणाली, नाही सांगितलंस तर जूनमध्ये जाईल, आणि दोघी पोरींना मागे ठेवून. मग म्हणाली, "नुसती पोरगी झाली असती तर काका चिडला असता. आता तो फसला पण असेल." खरं बोलणाऱ्या मैत्रिणीइतका ताप नाही.

रडले. तिनं पण डोळे पुसले, मग दोघींनी मिळून कैरी खाल्ली.

१८ मे, रविवार

सारजाबाई आल्या होत्या काकीचं पोट बघायला. गावातल्या निम्म्या लोकांची नाळ त्यांनी कापलीय, माझीही. म्हणाल्या, सगळं सरळ आहे, तरी दिवस भरले की जीप सांगून ठेवा.

मी सहज विचारलं, पायाळू मूल किती वेळा बघितलंत? त्या बोटं मोजायला लागल्या. "जन्मात दोनच बघ. एक वरल्या आळीचा भिका. एक माझ्या मामाचा नातू."

"आणि मी?"

"आं? हां! तू बी. तीन झाली." आजीला जोराचा ठसका लागला. मिसरी घशात गेली असणार. सारजाबाई फार म्हाताऱ्या झाल्या. आजी त्यांच्याहून मोठी आहे, पण तिला अंगठासुद्धा आठवतो!

संध्याकाळी काकीचे पाय चेपले. सुजलेत बिचारीचे. ती भिंतीला डोकं टेकून बसली होती. हळूच म्हणाली, "तेजू, खरं दिसलं ना गं तुला?" मी "हो" म्हणाले. तिनं माझ्या हातावर थोपटलं आणि तिच्या वाटणीचं मोसंबं सोलून निम्मं मला दिलं. मी ते छकुलीला दिलं.

२९ मे, गुरुवार

आज आजीला सांगायचंच ठरवलं होतं. ती माझ्या डोक्याला तेल लावत होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. "आजी, नारळाचं ना —" एवढं तोंडातून गेलं, तेवढ्यात शेजारची आली आणि आजीनं तिला माझ्या जन्माची गोष्ट सांगायला घेतली. डावा पाय. अंगठा. स्वतःचा अंगठा हलवून दाखवला.

नाही सांगू शकले. मी थापाडी आहे हे कळलं तर हिचं काय होईल? सोळा वर्षं ही बाई माझ्या पायावर कौतुकानं हात फिरवतेय. तिन्ही बहिणींत मला पहिली भाकरी, यात्रेत मला बांगड्या, माझ्या पाठीवर भाऊ, पप्पू, झाला तो म्हणे माझ्याच पायगुणानं. घरात माझी जी काही जागा आहे ती त्या अंगठ्यावर उभी आहे.

एवढंच म्हणाले, "आजी, मला काकीची भीती वाटते." ती म्हणाली, "भिऊन काय व्हतंय? येळ आली की तोंड आपसूक चालतंय."

७ जून, शनिवार

देवा, मुलगा होऊ दे. आयुष्यात परत नारळाला हात लावणार नाही.

१० जून, मंगळवार

मुलगी झाली.

सगळं नीट लिहायचंय. दुपारी अडीचला टँकर आला आणि अख्खी आळी हंडे घेऊन पळाली, आई पण. तेवढ्यात काकीच्या पोटात कळा सुरू झाल्या. काका जीप आणायला धावला. जीप येईपर्यंत कळ थांबते होय! आजीनं सारजाबाईंना बोलावलं आणि मला म्हणाली, "तू आत ये. पायाळू जवळ असली की सुटका लवकर व्हते." कुमारी पोरीला कुणी आत घेत नाही. मला घेतलं.

मी काकीचं डोकं मांडीवर धरून बसले. तिनं माझं मनगट इतकं आवळलं की अजून काळं-निळं आहे. आणि मला सगळं दिसलं. आधी डोकं आलं. काळंभोर, ओलं, मुठीएवढं डोकं. मग खांदे, मग सगळी एकदम. रडली. सारजाबाईंनी तिला उलटं केलं, बघितलं आणि घाईनं फडक्यात गुंडाळलं. काकीनं डोळे मिटून घेतले. तिला कळलं. तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी माझ्या मांडीवर आलं.

बाहेर जीपचा आवाज. काका दारात — "काय झालं? आई, काय झालं?"

 मला वाटलं, आता दार उघडेल आणि माझी एक थाप या सगळ्यांना घेऊन बुडेल. उठून खरं सांगावं म्हटलं, पण पाय हलेनात. पायाळूचे पाय!

आजी गुडघ्यावर हात देऊन उठली. अर्धं दार उघडून उंबऱ्यात उभी राहिली.

"पोरगी हाय," म्हणाली. काका काहीतरी बोलायला गेला. आजीनं त्याला बोलूच दिलं नाही. "अन् पायाळू हाय! म्या डोळ्यानं बघितलं. आधी डावा पाय आला. अंगठा हलत व्हता!"

आणि स्वतःच्या पायाचा अंगठा हलवून दाखवला.

 तोच डावा पाय. तोच अंगठा. शब्दाला शब्द तेच! माझी आजी, हरिपाठात शब्द न चुकणारी आजी, पापणी न हलवता खोटं बोलली. आणि ते खोटं तिला पाठ होतं.

काकानं आत डोकावून माझ्याकडे बघितलं. "पर तेजू, तू तर मुलगा म्हणली व्हतीस."

आजी वळली नाही. पण चौकटीवर ठेवलेला तिचा हात मला दिसत होता, तो तिनं घट्ट आवळला होता. तेव्हा माझं तोंड आपसूक चाललं.

"पायाळूला पायाळूचं दिसत नाही, काका."

असं काही नसतं. त्या घटकेला तयार केलं! वर जोडलं, "म्हणून तर त्या दिवशी शेंडी थरथरत होती. बघितली नव्हती का?"

काका विचारात पडला. मग सावकाश म्हणाला, "व्हय. थरथरत व्हती खरी." त्याच्या डोळ्यांसमोर पठारावरचे पुढचे सगळे बोअर उभे राहिले असावेत. म्हणाला, "दोन-दोन पायाळू! एका घरात!" आणि टँकरकडे पळाला, सगळ्यांना सांगायला.

सारजाबाई हात धुता धुता स्वतःशीच पुटपुटल्या, "चार झाली."

काकीनं माझं मनगट सोडलं नाही. तिला काय कळलं, काय नाही, देवाला ठाऊक. बाळीला तिच्या कुशीत दिली तेव्हा तिनं आधी तिचे पाय हातात घेतले आणि दोन्ही पायांचा मुका घेतला.

१२ जून, गुरुवार

दुपारी आजीच्या पुढ्यात केस सोडून बसले आणि विचारलं, "आजी, माझे पाय आधी आले होते?"

ती तेल चोळायची थांबली नाही. "डोकंच आलं. तवाबी लई केस व्हते." मग केसांचे तीन पेड करत म्हणाली, "तू तिसरी. तुझी आई शुद्धीत नव्हती, अन् तुझ्या आजोबानं तुझ्या बापाला दुसरी सोयरीक बघून ठेवली व्हती. म्या काय करणार गं? सुचलं ते बोलले." माझी वेणी घालून झाली तेव्हा म्हणाली, "पर अंगठा हलत व्हता. ते खरंय."

हे पान फाडून चुलीत घालणार होते. ठेवते. सोळा वर्षांनी बाळीला लागेल.