अप्पांनी मोजलेली जागा

लातूर

प्रिय उज्ज्वले,

फोन असताना अण्णा पत्र का लिहितोय, म्हणून भिऊ नकोस. अप्पा ठणठणीत नाहीत, हे तुला माहीत आहे. पण मजेत आहेत, हे माहीत नाही. फोनवर ते सांगता येत नाही, कारण दुसऱ्या वाक्याला तू रडतेस आणि तिसऱ्याला पथ्य सांगतेस.

आता फक्त दुखणं कमी ठेवायचं, असं डॉक्टरांनी म्हटल्यापासून अप्पांना भलतीच हुशारी आली आहे. रविवारी मला रेणापूरला, शेतावर न्यायला लावलं. मला वाटलं, हरभरा बघायचा असेल. तर त्यांनी बांधावरच्या कडुलिंबाखाली चपला काढल्या आणि टाचेला चवडा लावत पावलं टाकायला लागले. आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात आणि तो समाधीचा खड्डा ज्याच्या त्याच्या पावलांनी मोजतात खरं, पण ज्याचा त्यानंच मोजायचा नसतो! तसं म्हटलं, तर म्हणाले, "तुझ्यावर सोडलं तर तू तुझ्या पायानं मोजशील. तुझे पाय म्हंजे फावडी. एवढं रान मला कशाला? तिथं तूर येईल की."

मग मांडी घालून बसूनच पाहिलं. बसले झकास, उठता येईना. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं त्यांचे जुने दोस्त गुलाम रसूलचाचा. चाचा म्हणाले, "रेवणअप्पा, आमचं बरं हाय, सरळ आडवं व्हायचं. तुम्ही तिथं बी बसूनच राहणार? कंबर धरंल की!" अप्पा म्हणाले, "तू नीज. कुणीतरी जागं नको का?" दोघं असे हसले की माझाच हात सुटला आणि अप्पा पुन्हा खाली.

इतकी वर्षं मी संस्कृत शिकवतोय. त्या भाषेत 'मेला' न म्हणता माणूस पोचवण्याची केवढी सोय! अप्पांना एकच शब्द येतो, आणि तो ते भाजीवाल्यासमोरही वापरतात. तुझी वहिनी पहिल्यांदा ऐकून ताट टाकून आत गेली होती. परवा तिनंच विचारलं, "मामा, तुमच्यामागं जेवणात काय करायचं?" "पुरणपोळी," म्हणाले, "अन् मला आधी चाखव." काल केली. गूळ कमी पडलाय, असा निकाल आहे.

घरातल्या सगळ्यांशी असं बोलून झालं. राहिलीस तू. तुझा फोन आला की ते सुरू करतात, "बाई, मी गेल्यावर..." आणि तू म्हणतेस, "अप्पा, तसलं बोलू नका, शंभर वर्षं जगता तुम्ही." मग ते नांदेडला ऊन किती आहे ते विचारतात. फोन ठेवल्यावर म्हणतात, "राहिलंच की." मी म्हटलं, मला सांगा, मी तिला कळवतो. "ते तिचं हाय," म्हणाले, "तुला न्हाई सांगायचं." थोरला मुलगा असून माझी ही किंमत!

म्हणून हे पत्र. डॉक्टर म्हणतात, आंब्यापर्यंत. अप्पांना तितकी खात्री नाही. या शनिवारची एसटी धर. कुणा वैद्याचा पत्ता, अंगारा, काढा, काही आणू नकोस. त्यांच्याजवळ बस. ते "मी गेल्यावर" म्हणतील. रडू आलं तर खुशाल रड, पण त्यांना थांबवू नकोस. फक्त विचार, "मग, अप्पा?"

तुझाच अण्णा,
महांतेश