मी सुट्टीवर नव्हते

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
फेब्रुवारी १९९९

प्रिय उत्तमदादा,

पाकीट बघून दचकू नकोस. स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरवाल्याकडून ईमेलही करता आली असती, पण या वेळी मशीनमधून नको वाटलं.

तू माझ्यावर रागावला असशील. तुझ्या प्रत्येक ईमेलला माझ्या नावानं तीच दोन इंग्रजी वाक्यं आली असणार: मी सुट्टीवर आहे, परतल्यावर कळवते. अरे, मी कसली सुट्टीवर! रोज कंपनीत जात होते आणि संध्याकाळी तिथूनच हॉस्पिटलात, आईकडे. ते उत्तर मी लिहिलेलंच नाही. आमच्याकडे सगळ्यांची ईमेल साहेबांच्या केबिनमधल्या एकाच कॉम्प्युटरवरून जाते-येते. साहेब आधी वाचतात, मग सोडतात. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. दिवाळीनंतर त्यांनी माझी घरची ईमेल, येणारी-जाणारी दोन्ही, अडवली आणि आपोआप जाणारं ते उत्तर लावून दिलं. कॉम्प्युटर बघणाऱ्या मारुतीला राहवलं नाही, त्यानं परवा मला जिन्यात गाठून सांगितलं.

मी तशीच केबिनमध्ये गेले. साहेबांनी ड्रॉवरमधून छापलेले कागद काढले. वर तुझे होते. 'आई कशी आहे? तिकीट काढू का? रतन, एवढं तरी कळव.' त्याखाली माझे. 'दादा, डॉक्टर म्हणतात बोलावून घ्या. ये.' सगळे तिथंच पडलेले. मी विचारलं, "सर, तुम्ही हे वाचलं होतं?"

"वाचलं ना. पण ऑफिसची लाइन घरच्या कामाला नाही. उद्या सगळेच करतील."

आवाजसुद्धा चढवला नाही रे. मी कागद मागितले, तर म्हणाले, ते कंपनीचे आहेत.

आखातातल्या तुझ्या कामाच्या कॅम्पचा फोन कितीदा लावला, वाळवंटातला तो नंबर लागलाच नाही. मला वाटायचं, माझी ईमेल पोचलीय, तू तिकिटाच्या धावपळीत असशील. आई विचारायची, "उत्तम आयला का गं?" मी म्हणायचे, निघालाय. मला खरंच तसं वाटत होतं. एकदा तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून केस विंचरून घेतले, तू येशील म्हणून. दाराकडे तोंड करून झोपायची. कूस बदलायला सांगितलं तरी ऐकायची नाही.

मी अजून तिथंच नोकरीला जाते. टाइप करताना बोटं थांबतात. कुणाशी काही बोलवत नाही. घरी आले की दिवाही लावावासा वाटत नाही.

दादा, त्या कागदांत सगळ्यात खाली माझी शेवटची ईमेल होती. तीही साहेबांनी वाचली होती आणि सोडली नव्हती. म्हणजे तुला अजून माहीतच नाही. तू तिकडे माझ्या बोलावण्याची वाट बघत असशील, म्हणून हे लिहितेय. आई गेली रे. मागच्या महिन्यात. काळुरामकाकांनी अग्नी दिला. आता तिकिटासाठी घाई करू नकोस.

तुझीच,
रतन