अक्का, फळीवर जाऊ का

तीर्थरूप अक्कास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकता येतं तेवढंच वाकले आहे, उरलेलं तू मनात धर.) तुझा गुडघा कसा आहे? मोतीबिंदू काढल्यापासून सगळं नको तितकं स्वच्छ दिसतं आणि दिवसभर घरातली जळमटं शोधत बसते असं तू लिहिलं होतंस. तसं करू नकोस. जळमटं आधीही होतीच आणि आपण सुखात होतो. शेजारणीनं शिडी परत केली का? नसेल तर मागून घे, ती स्वतःहून देणाऱ्यांतली नाही. आमच्याकडे सगळं ठीक. गादीचं दुकान चाललंय, लोक झोपतात तोवर चालेल. माझे दात, कंबर आणि जीभ जागच्या जागी आहेत. अक्षराचं तुला माहीतच आहे. चौथीत शाळा सुटली आणि हातात दाभण आलं ते अजून आहे, तेव्हा एखादी ओळ वाकडी गेली तर टाका सुटला समज आणि पुढे वाच.

पत्राच्या सुरुवातीला विनंती विशेष असं लिहितात. माझी विनंती खरोखरच विशेष आहे, म्हणून आधीच सांगून मोकळी होते. मला समुद्रात जायचंय. पाय भिजवायला नाही, फळीवर. लांबलचक फळी पाण्यात नेतात, तिच्यावर पालथं पडतात, लाट आली की उभं राहतात आणि लाट त्यांना किनाऱ्यावर आणून सोडते, ती फळी. मला उभं राहायचं नाही, नुसतं पडून यायचंय. लेक म्हणते, अक्कामावशी हो म्हणाली तर जा, मी अडवणार नाही. तिनं तुझंच नाव का घेतलं ते तुला कळलं असेल, मलाही कळलंय. न्हाणीघरात भिंत धरून जाणारी बाई बहिणीला समुद्रात जा म्हणेल का, असा तिचा हिशेब. पण अक्का, ती तुला फोन करणार आणि आपल्या बाजूनं सांगणार, म्हणून माझी बाजू आधी ऐक.

सुरुवात नातीपासून झाली. ती दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात दिवा धरून उभं राहायचं म्हणजे माणसाला मोकळं कुठेतरी जावंसं वाटणारच. सुट्टीच्या दिवशी भाड्याची फळी घेऊन ती समुद्रावर जायची. आधी पडायची, मग कमी पडायची, आता चांगली उभी राहून येते. म्हणाली, आता घरची फळी घेऊ या. त्यावर जावईबापू उठून उभे राहिले (ते गल्ल्यावरून सहसा उठत नाहीत) आणि म्हणाले, फळीच्या पोटात फोम असतो आणि फोम हा आपला धंदा आहे, आपल्याला कोण फसवणार? झालं, दुकानाला कुलूप लावून आम्ही चौघं निघालो.

किनाऱ्यालगतच्या फळ्यांच्या दुकानात फळ्या भिंतीला टेकून उभ्या असतात, लग्नाच्या फोटोत पाहुणे उभे असतात तशा. उंच मागे, बुटक्या पुढे. दुकान चालवते ती बाई उन्हानं रापलेली, केस मिठानं ताठ झालेले. तिला आम्ही फळीवाली म्हणतो. मी माझ्या सवयीनं एकेक फळी अंगठ्यानं दाबत निघाले. कडक, कडक, कडक, मग एक मऊ. ती मऊ फळी खाली घ्यायला लावली आणि तिच्यावर आडवी झाले. अगं, गादी घेताना पडून बघायचं नाही तर काय वाचून बघायचं? दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं माझ्या पायांना वळसा घालून जात होती. लेक छताकडे बघत उभी राहिली, जणू मी कुणा दुसऱ्याची आई. फळीवाली मात्र म्हणाली, झोपा आजी झोपा, नवशिक्यासाठी हीच. लांब, रुंद, जाड आणि वरून मऊ. डोक्यावर आदळली तरी खोक पडत नाही.

जावईबापूंच्या मनात मात्र दुसरीच भरली होती. बुटकी, टोकदार, वर ज्वाळा रंगवलेली. ही वेगात जाईल, म्हणाले. फळीवाली म्हणाली, जाईल, पण तुमच्याशिवाय. त्या बुटक्या फळ्या मुरलेल्यांच्या, नवख्या माणसाला त्या अंगावर घेतच नाहीत. मग तिनं त्यांचं वजन विचारलं, कारण जेवढं वजन तेवढी जाड फळी लागते. जावईबापूंनी लग्नाच्या वेळचं वजन सांगितलं. लेकीला खोकला आला. फळीवालीनं वजनकाटाच पुढे सरकवला तेव्हा ते म्हणाले, लांबच द्या.

मग पोशाख. पाणी गार असतं म्हणून रबराचा सूट घालतात, अंगाला घट्ट. मी म्हटलं, दोन मापं मोठा घ्या, माणूस काय आहे तेवढाच राहतो होय? नातीनं समजावलं की सैल सूटमध्ये पाणी भरतं आणि माणसाची पखाल होते. तर घट्टच घेतला. जावईबापू तो घालायला पडद्यामागे गेले आणि पडदा बराच वेळ हलत राहिला. बाहेर आले ते चेन पुढे, गळा मागे. चेन पाठीवर कशी असेल, लावणार कोण, शिलाईची चूक आहे ही, असं मलाच समजावून सांगत होते. तेवढ्यात त्यांचा आवाज बारीक झाला. नातीनं आणि फळीवालीनं मिळून त्यांना सोललं. (पाठीवरच्या चेनला लांब पट्टी असते, ती हात मागे नेऊन आपली आपण ओढायची. शिवणाऱ्यानं विचार केलाय.)

आणि तिथंच ते झालं. फळीवालीनं सहज विचारलं, घरात कोण कोण शिकणार? नात म्हणाली मी, जावईबापू म्हणाले मी, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मी पण. मी ठरवलं नव्हतं गं, तोंडच पुढे झालं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. लेक म्हणाली, आई, तू टॉवेल सांभाळ. अक्का, जन्मभर मी लोकांच्या झोपेच्या गाद्या शिवल्या, पोरांचे कपडे सांभाळले, जत्रेत गेले तर चपला सांभाळल्या. टॉवेलचं नाव काढलं आणि माझं मन जे फळीवर जाऊन बसलं ते उठायला तयार नाही.

फळी घरी आणली तो सोहळा तू बघायला हवा होतास. लिफ्टमध्ये मावेना म्हणून जिन्यानं आणली, आणि प्रत्येक वळणावर तिचं टोक कुणाच्या ना कुणाच्या घंटीवर बसायचं. लोक दार उघडायचे, जावईबापू प्रत्येकाला सॉरी म्हणायचे आणि लगेच फळी दाखवायचे. घरात ती कपाट आणि खिडकीच्या मध्ये आडवी मावली. आता खिडकी उघडायची तर तिच्यावर पाय देऊन उभं राहावं लागतं, म्हणून मी दिवसातून बरेचदा खिडकी उघडते. सोबत एक मेणाची वडी मिळाली होती, फळीवर घासायची, म्हणजे पाय घसरत नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. वास चांगला होता, मी ती न्हाणीघरात ठेवली. जावईबापूंनी ती डोक्याला लावली. फेस का येत नाही म्हणून आणखी लावली. पुढचे दोन दिवस त्यांचा भांग कुठल्याही वाऱ्यानं मोडला नाही.

आता खोळीचं सांगते, कारण लेक तुला तेच आधी सांगेल. आपल्या घरात उघडी गादी कधी कुणी वापरली आहे का? वस्तू घरात आली की तिला खोळ हवी, हे आपण आईच्या हाताखाली शिकलो. मी फळीचं माप घेतलं आणि झकास खोळ शिवली. वर चौकटीचं जाड कापड, आत कापसाचा थर, म्हणजे पालथं पडल्यावर छातीला टोचणार नाही. कडेनं निळी किनार. फळीच्या खाली माशाच्या परांसारखी तीन पाती असतात, त्यांच्यासाठी काजं केली. बांधायला नाड्या. नात त्या दिवशी दवाखान्यात होती, नाहीतर तिनं अडवलं असतं. जावईबापूंना धीर नव्हता. खोळ बघून म्हणाले, आई, आता ही आपल्या घरची दिसते. आणि तिच्यासकट पाण्यात शिरले.

सुरुवातीला फळी अशी तरंगली की किनाऱ्यावरचे लोक बघायला थांबले. इतकी नटलेली फळी त्यांनी पाहिलीच नव्हती. जावईबापू पालथे पडले. मग कापसानं पाणी प्यायला सुरुवात केली. म्हैस डबक्यात बसते ना, घाई नाही, गडबड नाही, तशी फळी त्यांना घेऊन खाली बसली. ते सोडून यायला बघतात तर पायात दोरी. (फळी वाहून जाऊ नये म्हणून ती घोट्याला बांधतात. इथं जावई वाहून जाऊ नये म्हणून उपयोगी पडली.) पाणी कमरेएवढंच होतं, काळजी करू नकोस. चार अनोळखी माणसांनी मिळून ती ओढून काढली. वाळूवर पडल्या पडल्या ती इतकी गळत होती की एकानं विचारलं, हे बुडालेल्या बोटीतलं आहे का? फळीवाली आली, खोळीला हात लावून उभी राहिली आणि मग म्हणाली, आजी, खोळ घालतात, पण घरात आणि गाडीवर, पाण्यात नाही. शिवण मात्र चांगली आहे. कापूस न घालता दुकानासाठी शिवून द्याल का? तर अक्का, मला कामही मिळालंय, हे लेक तुला सांगणार नाही.

ती एवढंच सांगेल की आईनं फळी बुडवली, आता स्वतः बुडायचं राहिलंय. मी म्हटलं, खोळ काढलीय ना आता? ती म्हणाली, तुझी हौस कोण काढणार? जावईबापू मध्ये पडायला गेले तर त्यांना म्हणाली, तुम्ही आधी केस धुवा. आणि शेवटी ते अक्कामावशीचं. म्हणजे माझं जाणं न जाणं आता तुझ्या हातात आहे. मी दूर जाणार नाही. नात फळी धरून उभी राहील. पोशाख घालीन, चेन मागे ठेवीन. आयुष्यात कशावर तरी पडून कुठेतरी जावं अशी फार इच्छा आहे गं. आजवर ज्या गाद्यांवर पडले त्या जागच्या हलल्या नाहीत. तेव्हा पत्रात मोठ्या अक्षरात हो लिही, म्हणजे लेकीला चष्मा शोधायला लागणार नाही.

थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, शिडी मागून घे.

तुझी
धाकटी

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी आज सकाळी समुद्रावर एकटी जाऊन आले. अक्का, लाटा जवळून मोठ्या असतात. टॉवेलपाशी बसून त्या एवढ्या दिसत नव्हत्या. एक लाट माझ्या छातीएवढी आली आणि माझ्या चपलेजवळ येऊन थांबली, जणू काही काम आहे का असं विचारायला. तेव्हा वर लिहिलेलं राहू दे, पण तू नाही असंच लिही. चांगलं दटावून लिही. मी ते लेकीला वाचून दाखवीन, थोडं तोंड पाडीन, आणि अक्काच नको म्हणाली, मी काय करू, असं म्हणून मानानं टॉवेल सांभाळीन. एवढं माझ्यासाठी कर.

ता. क. दुसरं. पत्र तसंच राहिलं होतं. आज रविवार, हात अजून ओले आहेत म्हणून शाई पसरली. सकाळी सगळे समुद्रावर गेलो. मी लेकीला म्हणाले, तुझ्या मावशीचं पत्र येईपर्यंत मी थांबते हो. ती म्हणाली, थांब. नात कमरेएवढ्या पाण्यात फळी धरून उभी होती, म्हणाली, आजी, तोवर नुसती पडून बघ, कुठं जायचं नाही. मी पडले. तिनं मागे वळून बघितलं आणि फळी सोडली. आधी काहीच झालं नाही, मग मागून कुणीतरी उचललं, आणि वाळू, माणसं, लेक सगळं माझ्याकडे धावत यायला लागलं. मी ओरडले नाही. पोटाखालून पाणी पळत होतं आणि मी पडल्या पडल्या चालले होते. थांबले तेव्हा हनुवटी वाळूत आणि नाकात समुद्र. लेक येऊन उभी राहिली. वाटलं, आता बोलणार. ती पदरानं चष्मा पुसत म्हणाली, पुन्हा जा, माझ्या चष्म्यावर पाणी उडालं, नीट दिसलं नाही.

तर आता हो नको आणि नाहीही नको. तू मला रागाव. वय काय, करतेस काय, हाडं मोडली असती तर, सगळं लिही, कागद दोन्ही बाजूंनी भरून लिही. इथं जो तो कौतुक करतोय, आणि तुझं रागावणं आल्याशिवाय मला काही केल्यासारखं वाटत नाही.