चित्रापुढं रडलेली बाई

जिलाँग, ३ जुलै

चि. कोरल हिस ताईचे अनेक आशीर्वाद.

थंडीनं गुडघे धरलेत, बाकी बरं. तुमच्या बेंडिगोच्या कलामंडळानं तुला भाषणाला बोलावलंय म्हणे, तेही इंटरनेटवरच्या तुझ्या त्या लेखावरून. मेलबर्नच्या गॅलरीत इतकी वर्षं मी लोकांना ‘द पायोनियर’, ते रानात वस्तीला आलेल्या जोडप्याचं तीन भागांचं चित्र, समजावून सांगते, मला कुणी चहालाही विचारलं नाही. जळतेस का, असं विचारशील. हो, जळते.

म्हणून लेख भिंग लावून वाचला. चित्राच्या तिसऱ्या भागात म्हणे विधवा थडग्यापाशी रडते. अगं, तिथं बाई नाहीच, पुरुष आहे. बाळ पहिल्या भागात घातलंयस, ते मधल्यात आहे. हे त्या एआय यंत्राचं लिखाण, तुझं नव्हे. शेवटी तर कहर. लेखिकेची आई म्हणे या चित्रापुढं रडली. आपली आई गॅलरीची पायरी कधी चढली? यंत्रानं तुला आईसुद्धा नवी करून दिली.

रविवारपर्यंत भाषणाला नकार कळव, नाहीतर मीच मंडळाला लिहिते.

लोभ आहे, सध्या जरा आंबट.
नेरिडा

बेंडिगो, ७ जुलै

ती. ताईस सा. न.

पकडलंस. लेख यंत्राकडूनच लिहून घेतला. एकदा तरी तुझ्यासारखं हुशार दिसायचं होतं. मंडळाला खरं सांगून नकार कळवलाय.

शेवटचं वाक्य मात्र माझं आहे. तू शाळेच्या शिबिराला गेली होतीस, तेव्हा आई मला मेलबर्नला घेऊन गेली. पहिल्या भागात ती बाई एकटीच बसलीय ना, तिच्यापुढं आई रडली. मलाही असं रानात राहायला यायचं नव्हतं, म्हणाली. ताईला सांगू नकोस, ती लगेच चित्र समजावून सांगायला लागेल, असंही म्हणाली.

राग सोड.
तुझी कोरल

जिलाँग, १२ जुलै

चि. कोरल हिस आशीर्वाद.

काल गॅलरीत लोकांना चित्र सांगताना त्या बाईपाशी आले आणि मला बोलताच येईना. लोक ताटकळले. शेवटी गॅलरीतल्या दुसऱ्या मार्गदर्शक बाईंनी पुढचं सांगितलं.

मंडळाला पुन्हा होकार कळव, भाषण खुशाल कर, चुका मी काढून देते. त्याची जळजळ गेली. पण आईनं तुला नेलं, ही जळजळ काही जायची नाही.

आई कुठे उभी होती, अंगावर कोणते कपडे होते, किती वेळ रडली, सगळं लिही. मी मध्ये काही बोलणार नाही.

जळते, तरी तुझीच
नेरिडा